ऊसतोडीला निघालेल्या बाया आणि त्यांची अंगावरची लेकरं: दूध, वरचं खाणं आणि दूध सोडवणं

प्रश्न: आशा कार्यकर्ती (गावची आरोग्य स्वयंसेविका), धारूर तालुका

दसरा झाला की आमच्या गावातून टोळ्या निघतात. यंदा जाणाऱ्या कोयत्यांपैकी (कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) तीन बायांच्या पदरात लहान लेकरं आहेत. निघायला पाच आठवडे उरलेत. तिघींचं वेगवेगळं आहे, म्हणून तिन्ही मांडते.

पहिली मुलगी, चार महिने पूर्ण, वजन ६ किलो १०० ग्रॅम, जन्माचं २ किलो ७००. फक्त अंगावर पिते. माय म्हणते, फडात पाजायला सवड मिळणार नाही, म्हणून आतापासूनच शेळीच्या दुधाची बाटली लावते, सवय होईल.

दुसरा मुलगा, सात महिने पूर्ण, वजन ६ किलो ४००, दंडघेर १२.१ सेंमी. उष्टावण झालं, पण खाणं म्हणजे वरणाचं पाणी आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. अंगावर पितो. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, तीन दगडांच्या चुलीवर रोज काय शिजवायचं आणि इथून काय बांधून न्यायचं?

तिसरी मुलगी, चौदा महिन्यांची, आजीजवळ गावातच राहणार. दिवसरात्र मिळून पाच-सहा वेळा पिते. सासू म्हणते, निघायच्या आदल्या दिवशी कडुनिंबाचा पाला वाटून छातीला लावायचा, एका दिवसात दूध तुटतं. हे थांबवायचं आहे, पण त्याऐवजी काय करायचं ते नेमकं सांगता आलं पाहिजे.

उत्तर १: स्तनपान समुपदेशक, लातूर

ताई, चार महिन्यांच्या लेकराचं आधी सांगते, कारण तिथं एक चूक झाली की परत फिरणं अवघड असतं. अंगावरचं दूध जेवढं ओढलं जाईल तेवढंच बनतं. पाच आठवडे आधीपासून दिवसाला दोन बाटल्या लावल्या, तर निघेपर्यंत मायचं दूध खरोखरच कमी झालेलं असेल. मग सगळे म्हणतील, बघा, तिला दूधच नव्हतं.

शेळीचं दूध या वयाला चालत नाही. त्यात फोलेट फार कमी असतं, त्यानं रक्त कमी पडतं. प्रथिनं आणि क्षार या वयाच्या मूत्रपिंडाला झेपणार नाहीत इतके असतात. पाणी घालून पातळ केलं तर पोट भरतं पण अंगी लागत नाही. उस्मानाबादी शेळी दारात आहे म्हणून दूध फुकट, असा हिशेब घरात होतो. पण बाटली फडावर उकळून कोण घेणार? बुचाच्या आतल्या कडेला दुधाचा थर राहतो, तो नुसत्या पाण्यानं निघत नाही, आणि तिथूनच हगवण सुरू होते.

आता फडातलं. लेकरू सोबतच जाणार असेल तर पहिला मार्ग थेट पाजण्याचाच. पहाटे निघण्याआधी दोन्ही बाजू रिकाम्या होईपर्यंत पाजायचं, लेकरू झोपेत असलं तरी. झोपेतही गाल ओठांजवळ टेकवला की बहुतेक लेकरं ओढतात. त्यानंतर साधारण दर तीन तासांनी. एका पाजण्याला दहा ते वीस मिनिटं लागतात. एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्यायची, मग दुसरी. सुरुवातीचं दूध पातळ असतं, शेवटाकडं स्निग्धांश वाढत जातो. दोन मिनिटं इकडं, दोन मिनिटं तिकडं केलं तर लेकराचं पोट लवकर भरतं आणि तासाभरात पुन्हा भूक लागते.

पाजण्याआधी मायनं हात कोपरापर्यंत साबणानं धुवावेत. उसाच्या पाचटाची कुसळं पदराला आणि छातीला चिकटलेली असतात, ती ओल्या फडक्यानं पुसावीत. स्तनाग्राला साबण लावू नये, कातडी कोरडी पडून चिरते. झोळी सावलीत बांधावी, पण गाडीखाली किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली कधीच नाही.

गाडी भरायची वेळ मात्र अवघड. मोळ्या वाहताना दोन-तीन तास लेकरू मोठ्या बहिणीजवळ किंवा टोळीतल्या म्हातारीजवळ राहतं. त्या वेळेसाठी हातानं काढलेलं दूध लागतं. पंप नको, हाताला पैसे लागत नाहीत आणि धुवायला सोपा.

पद्धत अशी. रुंद तोंडाची स्टीलची वाटी आणि घट्ट झाकणाचा डबा पाण्यात दहा मिनिटं उकळून घ्यायचा. गरम पाण्यात पिळलेलं फडकं छातीवर दोन-तीन मिनिटं ठेवायचं, मग बोटांनी हलकं चोळायचं. अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंमी मागं, म्हणजे साधारण काळ्या भागाच्या कडेवर. आधी छातीच्या दिशेनं आत दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडं दाबायची, सोडायचं. पुन्हा तेच. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत आणि स्तनाग्र पिळायचं नाही, त्यानं दूध येत नाही, नुसतं दुखतं. पहिली एक-दोन मिनिटं थेंबच येतात, त्यानंतर धार लागते. बहुतेक बाया थेंबावरच हात सोडतात. एका बाजूला तीन-पाच मिनिटं, मग दुसरी बाजू, पुन्हा पहिली. बोटांची जागा घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत राहायची, नाहीतर एका भागात दूध साठून गाठ होते. सगळं मिळून वीस ते तीस मिनिटं.

शिकायला आठवडाभर लागतो, म्हणून आजपासून सुरू करा. पहाटेच्या पाजण्यानंतर तासाभरानं काढायचं, त्या वेळी दूध भरपूर असतं. सुरुवातीला ३० मिली निघालं तरी घाबरू नये. या वयाला एका वेळी साधारण ९० ते १२० मिली लागतं.

साठवण: २५ अंशांपर्यंत चार तास. थंडीत सावलीतल्या कोपीत हे जमतं. डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवला तर आणखी बरं. दुपारचं ऊन चढल्यावर आणि फेब्रुवारीनंतर तीन तासांच्या आत संपवायचं. तुपासारखा थर वर येणं म्हणजे नासणं नव्हे, डबा हलकेच फिरवला की मिसळतो. उकळायचं नाही. गार वाटलं तर डबा कोमट पाण्यात ठेवायचा. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोचीची छोटी वाटी). लेकरू उठून बसल्यासारखं धरायचं, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवायची, लेकरू जिभेनं ओढून घेतं. तोंडात ओतायचं नाही, ठसका लागतो. उष्टं उरलेलं टाकून द्यायचं.

वरचं पाणी सहा महिन्यांपर्यंत अजिबात नको, उन्हातही नाही. अंगावरच्या दुधात ८७ टक्क्यांच्या वर पाणीच असतं.

आशा, धारूर तालुका

सिस्टर, हे सगळं तिला दाखवते. पण तिचं म्हणणं आहे की आत्ताच दूध कमी पडतंय. लेकरू संध्याकाळी सारखं रडतं, अर्ध्या-अर्ध्या तासाला मागतं. छातीही पूर्वीसारखी भरून येत नाही म्हणते.

उत्तर १ मध्ये भर: स्तनपान समुपदेशक, लातूर

यातलं काहीच दूध कमी असल्याचं लक्षण नाही. सहा-आठ आठवड्यांनंतर छाती मऊच लागते, कारण मागणी आणि पुरवठा जुळलेला असतो. संध्याकाळी लागोपाठ पिणं याच वयाचं आहे. बघायचं फक्त दोन गोष्टींकडं: चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी, आणि महिन्याला अर्धा किलोच्या आसपास वाढ. जन्माला २७०० आणि आता ६१०० म्हणजे वजन दुपटीहून जास्त झालंय. वाढीचा तक्ता मायच्या आणि सासूच्याही समोर उघडून बोट ठेवून दाखवा, तोंडानं सांगितलेलं पटत नाही.

पाजताना एकदा बाजूला बसून बघा. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, काळा भाग वरच्या ओठाकडं जास्त आणि खाली कमी दिसतोय, गालाला खळ्या पडत नाहीत, गिळल्याचा आवाज येतोय. यातलं काही नसेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

रात्रीचं पाजणं सोडायचं नाही. दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं, आणि फडाच्या हंगामात दिवसाची तूट रात्रीच भरून निघते.

मायचं खाणंही बघा. पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर दोन ज्वारीच्या भाकरी, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. आडोसा नाही म्हणून बाया फडात पाणीच पीत नाहीत. त्यानं दूध लगेच आटत नाही, पण लघवीला जळजळ सुरू होते, अंग मोडून जातं. प्रत्येक पाजण्यासोबत तांब्याभर पाणी, एवढं ठरवून द्या.

उत्तर २: आहारतज्ज्ञ, परभणी

सात महिन्यांच्या लेकराचं वजन आणि दंडघेर दोन्ही मध्यम कुपोषणात बसतात (दंडघेर ११.५ ते १२.५ च्या मधे). त्याला दोन नव्हे, तीन वेळा खाऊ घाला, आणि पातळ काहीही नको. वरणाच्या पाण्यात डाळ खाली राहते, वर येतं ते मीठ आणि हळदीचं पाणी. त्यानं पोट फुगतं आणि अंगावरचं दूधही कमी ओढलं जातं. चहा तर पूर्ण बंद. चहानं अन्नातलं लोह शोषलं जात नाही, आणि या वयाला सगळ्यात मोठी तूट लोहाचीच असते.

पीठ: ज्वारी ७०० ग्रॅम, सालाची मूगडाळ ३५० ग्रॅम. दोन्ही वेगवेगळे भाजा. ज्वारी दोन-चार दाणे फुटेपर्यंत, डाळ वास सुटेपर्यंत. एकत्र भाजलं तर डाळ करपते आणि ज्वारी कच्ची राहते. थंड झाल्यावर गिरणीतून बारीक दळा. आपल्या आधी कुणाची मिरची किंवा हळद दळली नाही ना ते विचारा. हे साधारण १४ दिवस पुरतं. हंगामभराचं १२ किलो धान्य आणि डाळ न्यावी, पण पीठ एकदम दळून नेऊ नये, ओलीनं जाळी धरते. फडाजवळच्या गावात गिरणी असतेच, पंधरा दिवसांचंच दळावं.

शेंगदाणे पिठात दळू नका. तेलामुळं पीठ खवट होतं. आठवड्याला लागतील तेवढेच भाजून, सालं काढून, अगदी बारीक कूट करा. सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे आधी निवडून फेका, त्या बुरशीचं विष भाजल्यानंही जात नाही. अख्खा दाणा पाच वर्षांखालच्या लेकराच्या हातात पडू देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो.

एका वेळचं माप: शिगोशीग दोन पोह्याचे चमचे पीठ (साधारण २५ ग्रॅम) एक वाटी, म्हणजे दीडशे मिली थंड पाण्यात कालवा, मग चुलीवर ठेवा. आधी गरम पाणी घेतलं तर गुठळ्या होतात. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं हलवत शिजवा. उतरवल्यावर चहाचा एक चमचा तेल किंवा तूप आणि एक चमचा शेंगदाण्याचं कूट. करडईचं तेल चालतं, घरात जे आहे ते चालतं. मीठ-साखर वर्ष होईपर्यंत नको. चमचा तिरपा केला तर खीर लगेच ओघळायला नको, गोळा टिकला पाहिजे. एवढ्यात साधारण १४० कॅलरी येतात. या वयाला अंगावरच्या दुधाव्यतिरिक्त रोज २०० कॅलरी लागतात, पण याला भरून काढायचं आहे म्हणून जास्त.

सुरुवातीला दोन-तीन चमचेच खाईल. दोन आठवड्यांत अर्ध्या वाटीवर न्या. नऊ महिन्यांपासून कुस्करलेली भाकरी-वरण, घट्ट खिचडी, दाण्याएवढे मऊ तुकडे. खीर नऊ-दहा महिन्यांच्या पुढंही तशीच गुळगुळीत ठेवली तर लेकरू चावायला शिकत नाही आणि नंतर घास थुंकतं.

अंडं सहा महिन्यांपासून चालतं, पांढरं-पिवळं दोन्ही, पूर्ण उकडलेलं. पाव अंडं कुस्करून सुरू करा, आठवड्याभरात अर्धं, मग एक. बाजारादिवशी अंडी घेणं फडावर सहज जमतं. खात नसतील तर हिरवी पालेभाजी शिजवून मळून, वर लिंबाचे दोन-तीन थेंब. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून केलेली पूड इथूनच नेता येते, चिमूटभर रोज.

परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण आणलं, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. मिळाली तर तीच न्या. पण तेवढ्यावर लोह भागत नाही, लोहाचं सिरप लागतंच.

खाऊ घालायची वेळ सकाळी निघण्याआधी, दुपारी फडात आणि संध्याकाळी. दुपारची खीर सकाळी करून ठेवायची नाही. शिजवलेलं दोन तासांच्या वर ठेवलं की जंतू वाढतात. त्याऐवजी फडात भाजलेलं कोरडं पीठ न्या आणि तिथं तीन विटांवर शिजवा, चिपाडं आणि पाचट जळणाला भरपूर असतं.

आशा, धारूर तालुका

मॅडम, खीर घट्ट ठेवली की हे लेकरू गिळत नाही, तोंडातच धरून बसतं. पातळ केली तरच जाते. अंगणवाडीच्या प्रशिक्षणात मोड आणलेल्या पिठाचं ऐकलं होतं. ज्वारीला मोड आणून घालू का?

उत्तर २ मध्ये भर: आहारतज्ज्ञ, परभणी

मोडाचं पीठ उत्तम, पण ज्वारीचं नको. मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबात आणि मुळात सायनाइड तयार करणारा घटक फार वाढतो. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात ती त्याच कारणानं. मोड चोळून पूर्ण काढून, नीट शिजवून वापरता येतं, पण कोपीत ते कोण सांभाळणार? गहू घ्या.

अर्धा किलो गहू बारा तास भिजवा, ओल्या फडक्यात बांधून एक-दोन दिवस ठेवा, दाण्याएवढा मोड आला की कडक उन्हात वाळवा. मोड चोळून पाखडून टाका. तव्यावर फक्त ओल जाईपर्यंत कोमट करा. खमंग भाजलं तर त्यातलं विकर (खीर सैल करणारा घटक) मरतं आणि पुढं काहीच होत नाही, बहुतेकांचं इथंच चुकतं. दळून कोरड्या डब्यात ठेवा.

घट्ट खीर शिजली की खाली उतरवून बोट क्षणभर टिकेल इतकी निवू द्या. त्यात चहाचा एक चमचा मोडाचं पीठ घालून ढवळा. पाच-दहा मिनिटांत पाणी न घालता खीर सैल होते. मग पुन्हा एक उकळी द्यायचीच, कच्च्या पिठातले जंतू मारायला. उकळत्या खिरीत घातलं तर विकर मरतं आणि खीर घट्टच राहते. खीर सैल असूनही दाणा तेवढाच पोटात जातो, म्हणून अशा लेकराला हे चांगलं लागू पडतं.

उत्तर ३: बालरोगतज्ज्ञ, अंबाजोगाई

तिसऱ्या लेकराचं सांगतो. आधी विचारा, नेणं शक्य आहे का. शक्य असेल तर दूध तोडायची गरजच नाही. दोन वर्षांपर्यंत आणि पुढंही पाजायचं असतं, आणि एक ते दोन वर्षांच्या दरम्यान उर्जेचा साधारण तिसरा हिस्सा अजून अंगावरच्या दुधातून येतो. हगवण लागली तर लेकरू बाकी सगळं नाकारतं, हे एवढंच पितं. पण थंडी, धूर, रात्रीची गाडी हे सगळं खरं आहे, आणि आजी सांभाळणारी असेल तर ठेवण्याचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

ठेवायचं असेल तर पाच आठवडे पुरेसे आहेत, पण आजच सुरू करा. दिवसातलं एक पाजणं बंद, त्याला पाच दिवस, मग दुसरं. सहा पाजणी म्हणजे तीस दिवस. सुरुवात दुपारच्या पाजण्यापासून, लेकरू खेळात असतं ती वेळ निवडा. त्याच वेळी आजीनं खाणं द्यायचं, आणि मायनं नजरेआड राहायचं. झोपतानाचं आणि पहाटेचं शेवटी. मागितलं नाही तर आपण होऊन द्यायचं नाही, रडून मागितलं तर झिडकारायचं नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत रात्री आजीजवळ झोपवायला लागा, म्हणजे माय जाणं आणि दूध जाणं एकाच दिवशी होणार नाही.

पाला वाटून लावणं, मिरची लावणं, काळं लावून भिववणं हे बंदच. मिरचीनं लेकराचं तोंड आणि डोळे भाजतात. कडुनिंबाचं तेल तर चुकूनही नको. थोडं पोटात गेलं तरी लहान लेकराला उलट्या, झटके, बेशुद्धी येऊ शकते. आणि एका दिवसात तोडलं की त्रास मायलाही होतो. छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, पू होतो, आणि तोवर ती दोनशे किलोमीटरवर फडात असते. पट्टा घट्ट आवळून बांधणं हे त्याचं आणखी एक कारण. सैल पण आधार देणारी चोळी, ठणका लागला तर ओल्या गार फडक्याची घडी, आणि दुखणं कमी होईल तेवढंच दूध हातानं काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही. लाल, गरम, दुखरा पट्टा आणि ताप चोवीस तासांत उतरला नाही तर जिथं असेल तिथलं प्राथमिक आरोग्य केंद्र. दूध आटवायच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत, काहींनी रक्तदाब वाढून धोका होतो.

आजीकडचं खाणं: दिवसातून चार जेवणं आणि एक-दोन वेळा मधलं खाणं. एका जेवणाला पाऊण ते एक वाटी (मोठी, २५० मिलीची). दूध उकळून ४०० ते ५०० मिली, पाणी न घालता, वाटीनं. वर्षानंतर शेळीचं दूधही चालतं. त्याहून जास्त दूध देऊ नका, मग लेकरू जेवत नाही आणि रक्त कमी होतं. दर महिन्याला वजन आणि दंडघेर तुम्ही बघालच.

दुसऱ्या लेकराबद्दल एक अट. दंडघेर ११.५ च्या खाली गेला, दोन्ही पावलांवर सूज आली, किंवा खायचंच थांबलं, तर ते ग्राम बालविकास केंद्राचं किंवा पोषण पुनर्वसन केंद्राचं (तीव्र कुपोषित लेकरांवर उपचार करणाऱ्या केंद्राचं) लेकरू आहे, फडाचं नाही. निघण्याच्या आठवड्यात पुन्हा मोजा. हगवण लागली तर ओआरएससोबत झिंक २० मिलिग्रॅम रोज, हगवण थांबली तरी चौदा दिवस. आणि आजारानंतर दोन आठवडे एक जेवण जास्त.

उत्तर ४: अंगणवाडी सेविका, केज तालुका

कागदाचं मी सांगते. माता-बाल संरक्षण कार्ड मायच्या हाती द्या, मुकादमाकडं (टोळी नेणाऱ्याकडं) नको. कार्डाचे फोटो तिच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या मोबाइल ॲपवर) स्थलांतराची नोंद करा. फड ज्या गावाच्या हद्दीत आहे तिथल्या अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला आणि पाजणाऱ्या मायला घरी न्यायचा आहार मिळतो, तो मागायला सांगा.

लसीचं वेळापत्रक आत्ताच बघा. सात महिन्यांच्या लेकराला हंगामातच नऊ महिने पूर्ण होतात, तेव्हा गोवर-रुबेला आणि जीवनसत्त्व अ चा एक लाख युनिटचा पहिला डोस. ती तारीख कार्डावर ठळक लिहा. लोहाचं सिरप सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा, १ मिली. ५० मिलीची बाटली हंगामभर पुरते. पहिल्या मुलीलाही फडावर असतानाच सहा महिने होतात, तिची बाटली आणि तिचं उष्टावणाचं पीठ वेगळं बांधून द्या.

पाळणा लांबवायचाही विचार करा ताई. पाळी आली नसेल, सहा महिन्यांच्या आत असेल आणि फक्त अंगावर पीत असेल तरच पाजण्यानं गर्भ राहत नाही. फडात दोन पाजण्यांतलं अंतर चार तासांच्या वर गेलं की तो भरवसा संपला. अंतरा हे पाळणा लांबवायचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत आहे, तीन महिन्यांना एक, निघण्याआधी पहिलं देऊन पुढची तारीख कार्डावर लिहा.

आशा, धारूर तालुका

सगळं वहीत उतरवून घेतलं. एक विचारायचं राहिलं. चार महिन्यांच्या मुलीची माय पहाटे उठल्यापासून मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावते, फडात तर दिवसातून चार-पाच वेळा. सोड म्हटलं की हो म्हणते आणि लावते.

उत्तर ३ मध्ये भर: बालरोगतज्ज्ञ, अंबाजोगाई

निकोटीन दुधात उतरतं, आणि त्यानं दूध बनणंही कमी होतं. लेकरू किरकिरं होतं, झोप मोडते. तरीही मिश्री लावते म्हणून पाजणं थांबवायचं नाही, बाटलीपेक्षा ते केव्हाही बरं. सुटत नसेल तर वेळ बदला. पाजण्याआधी नाही, पाजून झाल्यावर लगेच, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत दोन-तीन तास मिळतात आणि निकोटीन बरंचसं उतरतं. मग पुढच्या आठवड्यात एक वेळ कमी. मिश्रीच्या बोटानं लेकराला किंवा दुधाच्या डब्याला हात लावायचा नाही, चूळ भरून आणि हात साबणानं धुऊनच पाजायला घ्यायचं. डबी कोपीत लेकराच्या हाती लागणार नाही अशी उंच टांगायला सांगा. रांगतं लेकरू ती थेट तोंडात घालतं, आणि चिमूटभर तंबाखूसुद्धा त्याला विषासारखी असते.